नमुना

अल धखीराच्या खाडीत पहाटे ओहोटी लागते
तेव्हा मी सरकारी बुटांनिशी
पोटरीपर्यंत चिखलात असतो.
"दलफी, झाकण पाण्याखाली उघड," गानिम ओरडतो.
त्याच्या जिभेला ना ळ येतो ना व.
सात वर्षांत मी दळवीचा दलफी झालो
आणि त्या हाकेलाही आता ओ देतो.

आमच्या गावची तिवरं, इथे त्यांना कुर्म म्हणतात.
पहिल्या दिवशी मला वाटलं, हा कासव म्हणतोय.
फार काही चुकलं नाही:
पाठीवर मीठ, मान आत ओढलेली,
जुलैच्या उन्हात तीही तशीच बसून असतात
भरती येईपर्यंत.
इथे फांदी मोडली तर दंड आहे.
माझी आई याच फाट्यांवर भात शिजवायची.
हे गानिमला मी अजून सांगितलेलं नाही.

खातं म्हणजे तिकडे दोहात काचेची इमारत,
आणि इकडे एक पांढरी गाडी,
एक बोट, जिचं इंजिन तिसऱ्या ओढीशिवाय लागत नाही,
आणि बर्फाच्या पेटीत ओळीने बाटल्या.
समुद्राला अर्ज लिहिता येत नाही.
त्याच्या वतीने कोणीतरी सही करावी लागते,
तारीख घालावी लागते,
आणि मग वाट बघावी लागते, दोन प्रतींत.

मंगळवारी रात्री फोन आला.
पिवळा टँकर, दिवे मालवलेले,
पाईप थेट तिवरांत सोडलेला.
काळं पाणी मुळांच्या सुयांमधून वाट काढत होतं
आणि वास असा, की गानिमने डोक्यावरची गुत्रा
तोंडावर बांधली.
ड्रायव्हर पळाला नाही.
शफीकुल, नोआखालीचा, पायात दोन रंगांच्या दोन चपला.
"प्लांटवर चार तासांची रांग असते, साहेब.
फोरमन म्हणाला, इथेच सोड."
मग माझा हात अंधारात चाचपडताना बघून
त्याने स्वतःहून टॉर्च धरली.
मी बाटली भरली. तो म्हणाला,
"थोडं खालून घ्या, खाली जास्त आहे."

मारिसेलने प्रयोगशाळेत आकडे काढले:
अमोनिया एवढा, प्राणवायू जवळजवळ नाहीच.
आकडे खोटं बोलले नाहीत.
कंपनीला दंड झाला, यार्डाला सील लागलं,
प्लांटवर रात्रपाळी सुरू झाली, रांग तासावर आली.
कधी नव्हे ते सगळं जसं व्हावं तसं झालं.
तीन आठवड्यांनी कुर्ल्यांची भोकं परत दिसली.
रोहित पक्षी तर काल असे उतरले
जणू मधे काही घडलंच नव्हतं.

शफीकुलला कंपनीने विमानात बसवलं.
तिकिटाचे पैसे पगारातून कापले.
हे मला त्याच्या खोलीतल्या माणसाने सांगितलं,
किराणा दुकानात, कांदे निवडता निवडता.
त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

अहवालात रकाने आहेत: क्षारता, गढूळपणा,
तापमान, वाऱ्याची दिशा, साक्षीदार.
टॉर्च कोणी धरली, याला रकाना नाही.
शेवटी 'शेरा' असतो, अर्ध्या ओळीचा.
त्यात मी लिहिलं:
'नमुना घेताना उजेड पुरेसा होता.'
गानिमने ते दोनदा वाचलं.
चष्मा काढला, पुसला, सही केली.
मग बराच वेळ चहा ढवळत राहिला, साखर न घालताच.

लहानपणी मी काही वेडंवाकडं केलं
की आई म्हणायची, काय नमुना आहे हा!
आज पुन्हा ओहोटी. चंद्र नाही.
गानिम बोटीत, इंजिनाशी भांडतोय.
मी पाण्यात वाकतो,
एका हातात बाटली, एका हातात झाकण,
आणि दातांत टॉर्च.