टॅलोचे तीन चेहरे

मापोतलं घर आवरताना
आईच्या ड्रॉवरमधून तीन कागद निघाले :
एकच खलनायक, तीनदा.

पहिल्या सीझनचा टॅलो मेणाचा, ओघळता,
कोटाला एकोणीस चुण्या. मी मोजल्या.
आईने त्या सेकंदाला बारा वेळा काढल्या,
रात्रपाळीत, मनगटाला पट्टी बांधून.

दुसऱ्यात कोट सपाट, जबडा विटेसारखा.
अमेरिकेतली पोरं म्हणे हिरमुसली,
याची भीतीच वाटत नाही.
आईला मात्र त्या वर्षी
चॉपस्टिक पुन्हा धरता आल्या.

तिसरा कॉम्प्युटरचा. चुण्या परत आल्या,
एकोणीस कसल्या, हजारभर,
वारा आला की आपोआप हलतात.
देखणा आहे, नाही म्हणत नाही.

पण पहिल्या कागदाच्या पाठीला
चिकटून आलं एक सुटं चित्र.
भाग सात, फ्रेम दोनशे चार,
कोपऱ्यात पेन्सिलीने : सोन बोक-सिम.
शहर जाळायला निघालेला टॅलो
डोळे मिटून उभा.
पटकथेत असं काही नव्हतं.

"डुलकी लागली होती," आई म्हणाली, "मला."
आणि चित्र पालथं घालून
भात लावायला उठली.