दोरीच्या गाठी

माझ्या बापाकडे एक दोरी होती,
केवड्याच्या पानांची, अठ्ठावीस गाठींची.
रोज सकाळी खाडीवरचं धुकं फाटायच्या आत
तो टेकडीवर जायचा
आणि दोन काठ्यांवर दोन साहेबांचे बावटे चढवायचा,
दोरीने मापून.
हा बोटभर वर नको, तो बोटभर खाली नको.
एकदा वाऱ्याने फ्रेंचांचा बावटा गाठभर घसरला,
तर दोन दिवस पत्रं धावत होती होडीतून
एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात,
आणि बापाचा पगार कापला गेला.
दोन्हीकडून.

दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात.
इथे उलटं.
दोन पाहुणे जेवत होते,
घर उपाशी.

तुरुंगात जायचं तर फ्रेंचांच्या जा, तारिवोए मामा सांगायचा,
तिथे रविवारी मांसाचा तुकडा मिळतो.
इंग्रजांकडे पेज, आणि पेजेवर प्रार्थना.
तो दोन्हीकडे राहून आलेला.
गुन्हा एकच: आजीच्या कोनफळाच्या मळ्यात
कुंपण ओलांडून शिरला.
मळा कुठला!
नारळ उभे होते कवायतीला,
आणि नारळांखाली कंपनीची गुरं.

त्याही आधी पणजोबा
मण्यांची माळ बघायला जहाजावर चढले
आणि क्वीन्सलंडच्या उसात उतरले.
बारा वर्षांनी परत आले ते
एक पेटी, एक छत्री
आणि भरपूर इंग्रजी शिव्या घेऊन.
छत्री अजून आहे. काड्या उरल्यात.
शिव्या शाबूत.

आम्ही कुणाचेच नव्हतो.
रागाने नाही सांगत, कागदावर तसंच होतं.
लेइसाले, माझी बहीण, डोळे दाखवायला परमुलखात निघाली
तेव्हा कारकुनाने विचारलं, राष्ट्र?
तिने वळून डोंगराकडे बोट केलं.
त्याने रकाना कोरा ठेवला,
आणि शाई वाळायची वाट बघितल्यासारखा
बराच वेळ त्या कोऱ्या जागेवर फुंकत राहिला.

परत आल्यावर ती धक्क्यावर जाऊन बसली, खोबऱ्याच्या पोत्यावर.
दुसऱ्या दिवशी आणखी सात बायका.
मग मोजायचं सोडलं आम्ही.
एकही पोतं बोटीवर चढलं नाही.
सहा आठवडे खोबरं कुजलं,
मडमांची डोकी दुखली त्या वासाने.
आमचीही दुखली.

रात्री कावा पिऊन झाला की म्हातारे वाळूत रेघ ओढायचे,
बोट न उचलता, पाकळीतून पाकळी,
जिथून निघाली तिथेच परत येणारी.
कुठलं गाव कधी निघणार, सगळं त्या एका रेघेत.
शिपायाचा कंदील दिसला की
तळहात फिरवायचा.
कुणाच्याही बैठकीचा कागद
कधीच सापडला नाही कुणाला.

मग ती सकाळ.
एकच काठी. नवा बावटा, घड्यांसकट.
आणि चढवायला बाप,
कारण चढवता येणारा दुसरा कोण होता?
त्याने ओढला, आणि निम्म्यावर थांबला.
उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं.
हात दोरीकडे गेला, मापायला.
लोक हसले.
मग कुणीच हसेना.
मी खालून ओरडलो:
चढव, जाईल तितका!
त्याने ओढला, ओढला,
कप्पी अडेपर्यंत ओढला.

ती दोरी आता डुकराला बांधलीय.
अकरावी गाठ त्याने कुरतडून टाकली.
बापाला अजून जाग येते,
धुक्याच्या आधी.
उठून बसतो,
आणि डुक्कर त्याच्याकडे बघतं.