ठशाला गेलेला तडा

वितोमिरच्या टेबलावर हिरवी बनात,
तिच्यावर दातांच्या दवाखान्यातला जुना तराजू.
चाळीस वर्षं स्रेम्स्का मित्रोवित्सातल्या माणसांना
त्यानं कवळ्या करून दिल्या.
आता मोतीबिंदूनं सगळे सम्राट धुरकटले,
म्हणून मंगळवारी नि शुक्रवारी
पोस्टाची खिडकी बंद करून मी येते,
डोळे घेऊन.

"कडेला धर, ग्रोझ्दाना. चेहऱ्याला बोट लावू नकोस."

छापा. काटा. वजन.
मग सम्राटाचं डोकं बाराच्या ठोक्यावर धरायचं,
नाणं उलटायचं
आणि बघायचं, मागची देवी किती वाजता उभी आहे.
सहाला, मी सांगते.
"सहाला," तो पुटपुटतो,
जणू तिला सावा नदीपलीकडे नेणारी नाव
तेव्हाच सुटते.

तीन ग्रॅम दोन. तीन ग्रॅम चार.
दोन ग्रॅम सहा: याची कड कुणीतरी कातरली आहे,
अगदी जपून, नखं कापावीत तशी.
चोर मातीला मिळाला, चोरी अजून तराजूत भरते.
आणि हे एक, वरून चांदी, पोटात तांबं,
पत्रा फाटून हिरवं डोकावतंय.
खोटं नाणं तो फेकत नाही.
मखमलीचा सगळ्यात मऊ तुकडा त्याचा आहे.
"हे करताना कुणाचा तरी हात थरथरला असेल.
खऱ्या नाण्यांना कुठली आली भीती?"

सेवेरसनं शिपायांचा पगार वाढवला
आणि पगारातली चांदी उतरवली.
हे सांगताना वितोमिर हसतो,
खालचा खण उघडून एक नोट काढतो,
त्र्याण्णव सालची, दिनार पाचशे अब्ज.
सकाळी पगार होता, संध्याकाळी त्यात अंडं येईना.
तिचंही कार्ड केलंय त्यानं, शाईनं, वळणदार अक्षरात:
धातू: नाही. झीज: नाही.
वजन: वाऱ्यावर अवलंबून.
मी दिवसभर खिडकीत दिनार मोजते.
देनारियस, दिनार. एकाच आडनावाची माणसं,
एकमेकांना ओळख न देणारी.

मागच्या शुक्रवारी नळवाला रादिशा आला.
बेकरीखाली गटाराचा पाइप बदलताना
त्याच्या फावड्याला काहीतरी खणकन लागलं होतं.
म्युझियमला द्यायचंय म्हणाला, उद्याच,
आणि बोलताना आमच्यापैकी कुणाकडेच बघितलं नाही.
मी भिंग लावून वाचलं: यूलिया, मग पुसट, मग गुस्ता.
केसांच्या लाटा, सरळ नाक. अशा आमच्याकडे अकरा आहेत.

वितोमिरनं हात पुढे केला.
कधी नव्हे ते चेहऱ्यावर अंगठा फिरवला.
थांबला. परत फिरवला.
मग न बघता तिसऱ्या ट्रेमधलं
सातवं नाणं उचललं
आणि दुसरा अंगठा त्याच्यावर.

ठशाला तडा गेला की तो नाण्यावर
खाच होऊन येत नाही, उंचवटा होऊन येतो.
केसाएवढी रेघ, नाकाच्या शेंड्यापासून काठापर्यंत.
दोन्हीवर तीच.
माझ्या डोळ्यांना चार वर्षं ती दिसली नव्हती.

एकाच माणसानं, बहुधा एकाच आठवड्यात,
तडकलेला ठसा तसाच वापरून
हातोडा मारला होता.
कामाचा रेटा असेल. किंवा कंटाळा.
मग ही दोघं कुठल्या कुठल्या कमरेला बांधली गेली,
आणि मधे अठराशे वर्षं, एक बेकरी, एक गटार.

रादिशा म्हणाला, ठेवा आजची रात्र.
वितोमिरनं दोन्ही बनातीवर शेजारी ठेवली
आणि दिवा मालवायचं विसरला,
किंवा मुद्दाम नाही मालवला. मी विचारलं नाही.

आज मंगळवार. बनातीवर एकच नाणं.
सातव्या नाण्याच्या कार्डावर तळाशी नवी ओळ,
वाकडी, रेघ सोडून गेलेली,
स्वतःच्या हातानं लिहिलेली:
ठशाची जोडी: रादिशाच्या खिशात.

म्युझियममध्ये विचारू का, मी म्हटलं.
"ते घासून गुळगुळीत झालेलं वाच आधी," तो म्हणाला,
"त्याला कान तरी आहे का बघ."