डाव्या बाजूला कोण झोपतं

काचेपलीकडच्या बाईनं विचारलं,
ऑरिन कुठल्या बाजूला झोपतो?
तोवर आमचे सगळे मिळून एकोणीस दिवस झाले होते.
त्यातले सहा तर पोतीच्या बंदरात,
तो जहाजाच्या इंजिनाखाली पालथा
आणि मी वर चहाचा पेला धरून उभी.
मी म्हणाले, डाव्या.
खोटं नव्हतं ते.
खरं म्हणावं इतकंही जवळ नव्हतं.

मग वडिलांचं नाव.
आमच्या भाषेत वडिलांना मामा म्हणतात
आणि आईला देदा.
दुभाषा हसला. बाई नाही हसली.

सीलबंद पाकीट दिलं, बजावलं, उघडायचं नाही.
स्वतःच्याच आयुष्याचा गठ्ठा मांडीवर घेऊन
मी दोन विमानं बदलली.
नाही उघडलं.

डुलुथचं तळं एवढं, की पलीकडचा काठच नाही.
सासूनं, मार्लिसनं, पहिल्याच आठवड्यात
बुटांचं रिकामं खोकं हातात दिलं.
पावत्या टाकत जा, म्हणाली, लग्नाचा पुरावा लागतो इथे.
मी टाकत गेले:
दोघांच्या नावाचं वीजबिल,
बर्फ ओढायचं फावडं,
ऑरिनची दाढ, माझा चष्मा,
नाताळचा फोटो, ज्यात आम्ही
कुणीतरी सांगितल्यासारखे हसतोय.
कार्डावर मुदत दोन वर्षांची,
दुधाच्या डब्यावर असते तशी.

खोक्यात न गेलेलं बरंच राहिलं.
पहिल्या फेब्रुवारीत अकरा दिवस तो बोलला नाही.
बाराव्या रात्री मी ट्रकमध्ये जाऊन बसले, हीटर लावून,
कुतैसीला जायला किती डिझेल लागेल याचा हिशोब करत.
त्यानं खिडकीवर टकटक केली
आणि काचेच्या फटीतून
अर्धं सँडविच आत सरकवलं.

मी मासे खारवण्याच्या कारखान्यात लागले होते.
मिठानं बोटं गुळगुळीत झाली.
ठसे घ्यायला बोलावलं तेव्हा
यंत्राला दहाच्या दहा बोटांत कुणीच सापडलं नाही.
क्रीम लावा, म्हणाला तिथला माणूस, तीन आठवड्यांनी या.
रोज रात्री हॉकी बघता बघता
ऑरिन त्याच्या भेगांचं मलम माझ्या बोटांना चोळायचा,
एकेक बोट, करंगळीपासून,
नजर टीव्हीवर.
तिसऱ्या आठवड्यात मी परत उगवले.
याची पावती कुठे मिळते?

नागरिकत्वाचे शंभर प्रश्न
मी मासे उलटे टांगताना पाठ केले.
घटनेत किती दुरुस्त्या, मी ऑरिनला विचारलं.
पुष्कळ, म्हणाला.
जन्मानं मिळालेल्याला पुष्कळ चालतं.
मला सत्तावीस.

शपथेला एकेचाळीस जण होतो.
परक्या राजांशी, सरदारांशी असलेली
सगळी निष्ठा मी सोडते, असं म्हणायचं.
माझ्याकडे सोडायला राजा नव्हता.
चढावरचं अक्रोडाचं झाड होतं,
आणि देदा, जिचा आवाज फोनवर
वाक्याच्या मधेच दुसऱ्या खोलीत जातो.
त्या दोघांचा शपथेत उल्लेख नव्हता,
म्हणून मी मोठ्यानं म्हणाले.
दाराशी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये जुनं कार्ड टाकलं,
बदल्यात कागदी झेंडा.
मार्लिस रडली. मला मात्र भूक लागली होती.

आता कुणी काही विचारत नाही.
खांद्याच्या ऑपरेशननंतर
ऑरिन उजवीकडे झोपतो,
मी डावीकडे सरकले आहे, भिंतीकडे.
पूर्वी घर बदललं तर दहा दिवसांत कळवावं लागायचं.
तो नियम आता मला नाही.
तरी दोन-तीन रात्री जागी राहून
मी मनात पत्र लिहिलं त्या बाईला,
की तेव्हाचं उत्तर दुरुस्त करायचं आहे.

काल फावड्याला नवा दांडा आणला.
पावती खोक्यात टाकली.
झाकण आता नीट बसत नाही.