रोमानेस्को, सव्वा किलो

तुर्भ्याच्या बाजारात पहाटे तीनला
मी पेटी उचलतो. वर खडूनं: इंग्लिश माल.
इंग्लिश म्हणजे काहीही,
इटलीचं, चीनचं, नारायणगावच्या शेडमधलं.

नऊ वर्षं ओळखतो मी सगळ्यांना, पण वजनानं.
बोकचॉय हलकी, निथळत मानेवर येणारी.
सेलेरियाक, सुरणाचा मावसभाऊ, खांद्यात उतरतो.
आर्टिचोक पोत्यातून टोचतो,
मी शिवी देतो, तो घेतो.
चव?
ती हॉटेलच्या गाडीत बसून निघून जाते.

काल एक पेटी फुटली.
शेठ म्हणाला, ने घरी, मुका मार लागलेला माल कोण घेतंय.

घणसोलीला वत्सलानं तो ओट्यावर ठेवला
आणि बराच वेळ सुरी लावली नाही.
शंखावर शंख, शंखात शंख,
पोपटी.
‘कापू कुठून? याला सुरुवातच नाही.’
पोरगं वळसे मोजत बसलं,
तेरा म्हणालं, मग आठ, मग चुकलं.

शेवटी मोहरी, लसूण, मिरची,
आणि हाताच्या सवयीनं दाण्याचं कूट.
फ्लॉवरच, पण
चार इयत्ता जास्त शिकलेला.

पाटणहून सासूचा फोन: काय केलंत जेवायला?
नाव सांगितलं. दोनदा.
‘असू दे. मीठ लागलं ना त्याला?’

आज पुन्हा तीच पेटी, वजन तेच.
डोक्यावर काय आहे
ते आज जिभेलाही ठाऊक.
‘शेठ, किलोला काय भाव?’
नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
त्यानं सांगितला.
मी पेटी
जरा हळू टेकवली.