भरलेला गोल

मेडिकलच्या चौदा नंबर खोलीत
डॉक्टरीणबाई कागदावर आमचं घराणं काढतात.
चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई.
उर्वीचा गोल त्या पेनानं पुरता काळा करतात
तेवढा वेळ उर्वी माझ्या मांडीवर,
दोन बोटांच्या चिमटीत माझं मंगळसूत्र.
दोन्ही हातांना दोनदोनच. मधे खोल खाच.

सासूबाईंनी कॅलेंडरची मागची पानं चाळून
ग्रहण शोधलं होतं. सापडलंही.
त्या दिवशी मी वांगी चिरली होती म्हणे.

"माहेरी कुणाला?"
कुणालाच नाही.
बाबांच्या दहा बोटांवर तर मी बेरीज शिकले.
"त्यांचे वडील?"
माझ्या जन्माआधीच गेले. टिमकीत माग होता.
फोटोत टोपी, खुर्ची
आणि मांडीवर घडीचं उपरणं.

उपरण्याखाली काय, हे कोण विचारतं?

बाहेर गळक्या कूलरपाशी उभी राहून आत्याला फोन लावते.
"गनबाजीचा हात? काय व माय,
तुले कोनी सांगतलंच नाही?
डाव्या हाताले दोनच बोटं.
तुटलेला धागा असा उचले, असा,
का बाकीचे पाहतच राहे."

आजोबांचा चौकोन काळा होतो.
बाबांचा कोरा. माझाही कोरा.
असं कसं, विचारते.
कधीकधी नुसतंच पुढे जातं, म्हणतात, दिसत नाही.
मला पटतं.
लुगड्याच्या बुट्टीचा धागा
एका फुलातून दुसऱ्या फुलाकडे
कापडाच्या पोटाखालूनच जातो.
पुढच्या बाळाचं विचारते, तेव्हा मात्र
त्या पेनाचं टोपण लावतात, काढतात.

फोन वाजतो. पुन्हा आत्या.
"एक सांगाचं राहून गेलं.
माह्या पाठची एक पोरगी झालती.
दोन्ही हात तसेच.
दाई म्हने, रडलीच नाही.
मी त आयकलं होतं रडनं, भितीच्या इकून.
सकाळी मांगून आनलेला पाळना
आईनं वापस पाठवला."

अजून एक गोल, मी सांगते.
त्या काढतात, काळजीपूर्वक भरतात,
वरून तिरपी रेघ.
"नाव?"

फोन अजून कानालाच आहे.
आत्याच्या मागे शेजाऱ्यांचा पॉवरलूम.
"आत्या, नाव?"
खटखट, खटखट.
लूम काही थांबत नाही.