खिशाचं माप

मेडिसिनची पोस्टिंग लागणार, म्हणून बाबा म्हणाले,
काय हवं ते घे, पण एकदाच घे,
आणि नीट बघून घे.

मी नीट बघते म्हणजे मोजते.
नया बाजारातल्या दुकानात तिन्ही हातांत धरून पाहिले:
सहा इंची, आठ इंची,
आणि एक दहा, जो काखेत मारला
की माणूस विमा एजंट दिसतो.
दुकानदार रंगांबद्दल बोलत होता.
मी विचारलं, स्पिरिटनं पुसलं तर चालेल का?
तो म्हणाला, मॅडमजी, स्पिरिटनं कोण पुसतं?

निनाद पुण्याहून फोनवर:
बॅटरी बघ, रॅम बघ, पेन चालतं का बघ.
खिसा बघ, असं कुणीच म्हणालं नाही.

एप्रनचा खिसा. मुबारक मास्टरांनी शिवलेला.
त्यात आधीच हातोडी, टॉर्च, मोजपट्टी,
हातमोज्यांची एक जोडी
आणि कालची अर्धी गजक.

मग मी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला.
आठ इंच, कोपरे गोल,
वजन भरावं म्हणून दोन थरांमध्ये लोखंडी पट्टी.
आणि आठवडाभर जयारोग्यच्या वॉर्डांतून
तो खिशात घालून हिंडले.

सोमवारी छाती तपासायला वाकले
तर सुळकन सुटून नऊ नंबरच्या पायावर.
मंगळवारी खिशाची शिवण उसवली.

बुधवारी राउंडला भदौरिया सरांनी विचारलं,
तेवीसचं पोटॅशियम?
सगळ्यांचे हात खिशात गेले.
जुन्या दगडी भिंती, रेंज नाही,
पाच जण अंगठ्यानं पडदे खाली ओढत उभे.
मी पुठ्ठा काढला. बॉलपेननं लिहिलेलं होतं:
टू पॉइंट नाइन.
सरांनी तो उलटा करून पाहिला, परत दिला,
म्हणाले, चार्जिंग किती आहे?
अख्खा राउंड हसला. तोमर अजून हसतोय.

तेवीस म्हणजे रामकली. भिंडकडची.
तोमरनं फोन काढला की ती पदर ओढून घेई,
फोटो काढतोय, असं तिला वाटे.
पुठ्ठ्यासमोर मात्र तोंड उघडं.
गुरुवारी म्हणाली,
"जामें हमाओ नाँव है का?"
मी दाखवलं.
वाचता येत नव्हतं, तिनं बोट ठेवलं.
"जे हम हैं?"
हो, म्हटलं, ही तुम्हीच.

खूप बरं वाटलं मला. जिना उतरेपर्यंत.

खाली ट्यूबलाइटखाली पाहिलं तर
तिच्या बोटाच्या ओलाव्यानं नऊची शेपटी पुसली होती.
टू पॉइंट झीरो.
इतक्यावर हृदय केव्हाही थांबतं,
आणि हे कुणी खरं मानलं असतं तर
शिरेतून भलतंच काही सुरू झालं असतं.
मी धावत वर गेले, फाइल काढली, पुन्हा लिहिलं,
दोनदा गिरवलं.
ती झोपली होती. तिला काही कळलं नाही.
मला कळलं.

रविवारी सहा इंची घेतला.
दुकानातच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पाहिला,
दुकानदारानं डोळे मिटून घेतले.
मुबारक मास्टरांनी आतून चोरखिसा शिवला, वर बटण.
पुठ्ठ्यावर नावं होती, म्हणून केराच्या टोपलीत नाही टाकला.
गच्चीवर जाळला. लोखंडी पट्टी तेवढी उरली.

यात आता नावं लिहीत नाही, नियम आहे,
नुसते पलंगाचे आकडे.
सोमवारी तेवीसवर दुसरीच बाई.
मी फोन काढला,
तिनं पदर ओढला.

मी पलंगाच्या कडेला बसले
आणि पडदा तिच्याकडे वळवला.
कुठं आहे मी, म्हणाली.
मी आकडा दाखवला.
तिनं आधी बोट पदराला पुसलं.